स्टेजवर बास ऐकू येत नाही, किती वॅटचा अ‍ॅम्प घेऊ?

प्रश्न असा आलाय: कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतोय, पाच तारांचा बास आहे, घरातला गिटारचा ४० वॅटचा कॉम्बोच (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात) कार्यक्रमाला नेतोय आणि आवाज वाढवला की फाटतो. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला पब्लिकमधले मित्र म्हणाले बास नुसता घुमत होता, काय वाजतंय तेच कळत नव्हतं. तर आता १०० वॅटचा घेऊ का ३०० चा, आणि १५ इंची का १० इंची?

भावा, आधी त्या गिटारच्या कॉम्बोचं मिटवू. तो कार्यक्रमाला न्यायचा आजपासून बंद कर. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बासची ई ४१ ला, आणि तुझी पाचवी बी तार ३१ ला. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा म्हटलं तर स्पीकरच्या कोनला (पुढच्या शंकूला) चौपट मागंपुढं हलायला लागतं, आणि गिटारचा स्पीकर तेवढा हलण्यासाठी बनवलेलाच नसतो. वर बहुतेक गिटार कॉम्बो मागून उघडे असतात, म्हणजे पुढून निघालेला लो (खालचा जाड आवाज) आणि मागून निघालेला लो एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून तू नॉब पिळतोस, कोन जागेवरनं सुटायला बघतोय आणि आवाज मात्र येत नाही. घरात हळू सराव करायला चालतोय, काही होत नाही त्याला. पण ड्रमच्या शेजारी लावून वाजीवलास तर एक दिवस स्पीकर जाणार.

आता वॅट. दुकानात गेलास की पहिला आकडा हाच सांगतात आणि सगळ्यात जास्त गंडवागंडवी पण इथंच चालते. आपण सगळे पीएमपीओच्या (फुगवलेल्या वॅटच्या) जमान्यात वाढलोय, छोट्या डब्यावर दोन-दोन हजार वॅट छापलेले बघितलेत, त्यामुळं बॉक्सवरचा आकडा बघायचाच नाही, आरएमएस (सलग देता येणारे खरे वॅट) किती आणि किती ओहमला (स्पीकरच्या किती अडथळ्याला) तेवढंच विचारायचं. आणि तो खरा आकडा पण तुला वाटतो तेवढं काम करत नाही. १०० वरनं २०० वॅटवर गेलास की जेमतेम ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ‘हा, थोडं वाढलं वाटतं’ एवढंच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्याला वॅट लागतात दहापट. उलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी कोणच विचारत नाही. एक कॅब (स्पीकरचा डबा) एका वॅटला एका मीटरवर ९४ डेसिबल देतोय आणि दुसरा १०० देतोय, तर दुसऱ्यावर १०० वॅटनी जेवढा आवाज येणार तेवढ्यासाठी पहिल्याला ४०० वॅट पाहिजेत. म्हणजे पैसे घालायचे ते कॅबमध्ये. हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) काय आज क्लास डी या हलक्या प्रकारामध्ये दोन-तीन किलोचं मिळतंय, बॅगेच्या कप्प्यात बसतंय.

पण तुझा खरा प्रश्न वॅटनी सुटणारच नाही, म्हणून जरा थांब. मित्र काय म्हणाले? बास घुमत होता पण सूर कळत नव्हता. म्हणजे लो भरपूर होता रे. पब्लिकला तुझा अ‍ॅम्प ऐकू जातच नाही, गांधी मैदानासारख्या उघड्या जागी तर अजिबात नाही, भिंत नाही छप्पर नाही, अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गेले. पब्लिक ऐकतंय ते साऊंडवाल्याचे टॉप आणि सब (वरच्या आणि खालच्या आवाजाचे मोठे स्पीकर). आणि आपल्याकडं सब कमी पडलेत असं कधी झालंय का? डॉल्बीच्या गावात राहतोय आपण. त्याच सेटअपवर संध्याकाळी ऑर्केस्ट्रा होतोय, सब तसेच, सेटिंग पण तसंच, आणि त्याच्यात किक (ड्रमसेटचा पायानं वाजवायचा ढोल), ऑक्टोपॅडवरची किक, ढोलकीचा घुमारा, कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि तुझा बास, सगळे ४० ते १०० हर्ट्झच्या एकाच खोलीत घुसून बसलेत. तिथं सूर कळणार कसा.

बासचा सूर कळतो तो मिड्समध्ये, म्हणजे मधल्या पट्ट्यात. साधी गोष्ट बघ, मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधनं ४१ हर्ट्झ निघूच शकत नाही, तरी गाणं लावलं की बासलाईन कळते का नाही? कळते, कारण ८२, १२३, १६४ असे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) ऐकू आले की मेंदू खालचा सूर आपला आपण भरून घेतो. म्हणजे तुझ्या ई तारेची ओळख पटवणारी जागा ४१ ला नाहीच, ती वर आहे. माझ्या कानाला २५० च्या आसपास बासचं अंग असतं, जास्त झालं की चिखल होतो. ५०० ते ९०० मध्ये तो गुरगुरता सूर असतो जो गर्दीतनं पुढं येतो, आणि २ ते ३ हजारला बोटांचा, तारेचा ठोका. पोरं नेमकं उलटं करतात, बास आणि ट्रेबल फुल्ल आणि मिड खाली. घरात एकट्यानं वाजवताना हे लई भारी वाटतंय, कारण हळू आवाजात आपल्या कानाला लो कमी ऐकू येतो आणि तो वाढवावासा वाटतो. स्टेजवर आवाज चढला की तोच लो अंगावर येतो आणि मधे भोक पडतं, त्या भोकात गिटार आणि कीबोर्ड जाऊन बसतात, तू गायब. घरचं सेटिंग स्टेजवर नेऊ नको. सगळे नॉब मधे ठेव, बास थोडा खालीच घे, लो मिड आणि हाय मिड हळूहळू वाढव. एकट्यानं ऐकलास तर आवाज नाकातनं आल्यासारखा वाटेल, वाटू दे. बँड सुरू झाला की बघ.

आणि हाय पास फिल्टर, म्हणजे ठराविक हर्ट्झच्या खालचं कापणारा. हे ऐकून बासवाले दचकतात, बासला लो कट कशाला म्हणून. बी तारेच्या अगदी खालच्या सुरांचं मूळ सोडलं तर ३५-४० हर्ट्झच्या खाली तुझ्या बासमधनं कामाचं काहीच जात नाही, जातो तो हाताचा धक्का, तारेवर बोट आपटल्याचा धप्प, स्टेजचा हादरा. त्याच्यावर अ‍ॅम्पची ताकद आणि कोनची हालचाल फुकट जाते. अ‍ॅम्पवर किंवा पेडलवर बदलता येणारा हाय पास असला तर ४० ला लाव. छोट्या मिक्सरवरचं लो कटचं बटण वेगळं, ते बहुतेक ८०-१०० ला ठरलेलं असतं. खूपच घुमणाऱ्या हॉलमध्ये मी ते पण दाबायला सांगतो, पण ते ऐकून ठरवायचं.

आता पाचव्या तारेचं. गायक काळी एक मध्ये गातोय म्हणून तू बी तारेवर दुसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) जाऊन ३५ हर्ट्झचा सूर लावतोस. तो सूर निम्म्या कॅबमधनं निघतच नाही आणि सबमधनं नुसता हादरा म्हणून निघतो. तोच सा ए तारेवर चौथ्या पडद्यावर ६९ हर्ट्झला घे, माणसाला ऐकू जाईल. पाच तारांचा फायदा खरा काय, तर काळी एक, काळी दोन असल्या स्केलमध्ये हात एका जागी ठेवून वाजवता येतं, मोकळ्या तारा सोडाव्या लागत नाहीत. खालचे सूर गाण्यात एखाद-दुसऱ्या जागी टाकायचे. सतत खाली राहणाऱ्याचा बास कार्यक्रमभर धुकं होऊन राहतो.

कीबोर्डवाल्याशी बोल, हे मी सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं खरं. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला वर्षानुवर्षं बासवाल्याशिवाय वाजवत आलेला असतो, त्याचा डावा हात आपोआप बास वाजवतोय. आणि अ‍ॅरेंजर कीबोर्डवर स्टाईल (आपोआप वाजणारी साथ) लावली असली तर तिच्यात बासचा पार्ट वेगळा चालूच असतो. तो म्यूट करता येतो, एका बटणाचं काम आहे. मायनस ट्रॅकवर (गायकाशिवायच्या रेकॉर्डिंगवर) गाणं असेल तर ट्रॅकमध्ये बास आहेच, मग तू वर तोच वाजवून इस्कोट करू नको, एकतर ट्रॅक बनवणाऱ्याकडनं बास काढलेला ट्रॅक घे, नाहीतर त्या गाण्याला गप बस. गप बसणं बासवाल्याला जमलं पाहिजे. ढोलकीच्या गाण्यात तर सूर छोटे वाजव, मारला की डाव्या हातानं बंद कर, ढोलकीवाला घुमारा देतोय त्या जागी तुझा लांबलेला सूर असला तर दोघांचं पण काही कळत नाही. अ‍ॅम्प बदलून जेवढा फरक पडतोय त्याच्यापेक्षा तार बंद करायला शिकून जास्त पडतो, हे माझं ठाम मत आहे आणि अ‍ॅम्प विकणाऱ्यांना ते आवडत नाही.

डीआय बॉक्स (बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा छोटा डबा) स्वतःचा घे. साऊंडवाल्याकडं असेलच याचा भरवसा नाही, आणि नसला की तो जॅक थेट लाईन इनला खुपसतो, मग बास मेल्यासारखा वाजतो. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बास असेल तर अ‍ॅक्टिव्ह (वीज लागणारा) डीआय घे, कारण त्याचा इनपुट इम्पीडन्स जास्त असतो, साधारण १० लाख ओहम, पिकअपवर लोड येत नाही आणि वरचा ठोका टिकतो. तो मिक्सरच्या ४८ व्होल्ट फॅन्टमवर (केबलमधनंच येणाऱ्या विजेवर) चालतो, तरी बॅटरीवर पण चालणारा बघ, कारण कधीकधी मिक्सरवर फॅन्टम नसतो किंवा मिक्सरवाला देत नाही. अ‍ॅक्टिव्ह बास असला तर साधा पॅसिव्ह डीआय पण पुरतो. अ‍ॅम्पला मागं डीआय आऊट असेल तर तिथं बहुतेक प्री आणि पोस्ट (अ‍ॅम्पच्या नॉबच्या आधीचा का नंतरचा आवाज) असं बटण असतं, ते प्री वर ठेव. पोस्टवर असलं आणि तू स्टेजवर स्वतःसाठी बास कमी-जास्त केलास की तिकडं पब्लिकचा पण बदलतो, आणि साऊंडवाला तुला शिव्या घालतो, बरोबरच घालतो.

करंटचं मात्र हसण्यावारी नेऊ नको. मंडपात लाईट एका फेजवर, साऊंड जनरेटरवर, कुणीतरी अर्थिंगची पिन नसलेला प्लग वायरी खुपसून लावलेला, आणि वर पाऊस. आपल्याकडं गणपती म्हणजे निम्म्या वेळा पाऊसच. तुझा हात तारेवर, म्हणजे अ‍ॅम्पच्या अर्थवर, आणि ओठ माईकच्या जाळीवर, म्हणजे मिक्सरच्या अर्थवर. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणचे असले तर मधे तू. कोरस द्यायला माईकजवळ जायच्या आधी माईकच्या जाळीला टेस्टर लावून बघ, दिवा लागला तर तोंड लावायचंच नाही, साऊंडवाल्याला बोलव. अ‍ॅम्पचा प्लग मिक्सर ज्या बोर्डावर आहे त्याच लाईनवरनं घे, निम्मी हम (सतत येणारी घूंघूं) तिथंच जाते. ५० हर्ट्झची हम राहिलीच तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलचा अर्थ तोडणारं बटण) दाब, तेवढ्यासाठीच ते असतं. प्लगची अर्थ पिन काढून हम घालवणारे महाभाग अजून आहेत, तो उपाय जीवावर बेततो.

स्टेजवर अ‍ॅम्प ठेवायचा कुठं. लोक सांगतात बासची लाट लांब असते, ती पुढं जाऊन तयार होते, म्हणून जवळ ऐकू येत नाही. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरपेक्षा जास्त लांब असते हे खरं, पण तयार व्हायला तिला आठ मीटर लागत नाहीत, हेडफोनमध्ये कानाला चिकटून बास ऐकू येतोच की. खरं काय होतं, अ‍ॅम्प असतो गुडघ्याशी, मिड्स सरळ जातात आणि गुडघ्यालाच ऐकू येतात, कानापर्यंत येतो तो नुसता घुमटा. मग तू वाढवतोस. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेव, पेटीवर ठेव, मागं तिरका टेकव, कान त्याच्या तोंडासमोर आला पाहिजे. मंडपाचं स्टेज म्हणजे लोखंडी घोडे आणि वर प्लायवूड, खाली पोकळ, ते स्वतःच एक ढोल आहे, त्याच्यावर थेट कॅब ठेवलास की सगळं स्टेज घुमतं, गायकाच्या माईकमध्ये जातं. खाली जाड फोम घाल, जुनी गादी पण चालते. हॉलमध्ये, समजा शाहू स्मारकसारख्या बंद जागी, कोपऱ्यात अ‍ॅम्प ठेवू नको, दोन भिंती आणि जमीन मिळून लो फुगवतात. उघड्या मैदानात मात्र मागं कायतरी भिंतीसारखं मिळालं तर तुझ्याच फायद्याचं.

१० इंची का १५ इंची हा वाद मी जास्त लांबवत नाही. नुसत्या इंचावरनं लो ठरत नाही, स्पीकर किती हलू शकतोय आणि डबा कसा बांधलाय त्याच्यावर ठरतो. लहान डबा, खोल लो आणि जोरात आवाज, या तीनमधलं काहीतरी एक सोडावंच लागतं. १९६९ सालचा अ‍ॅम्पेगचा एसव्हीटी, ३०० वॅटचा ट्यूबचा, त्याच्याबरोबरचा कॅब म्हणजे १० इंची आठ स्पीकर, फ्रिजएवढा, म्हणून लोक त्याला फ्रिजच म्हणतात. रॉकमधला बासचा आवाज म्हणून जगभर तोच डोक्यात बसलाय, आणि तो ४० हर्ट्झला चांगलाच खाली पडलेला असतो. म्हणजे मिड्सच. तुझ्या कामाला मी म्हणेन १२ इंची एकच चांगला कॅब, ८ ओहमचा, आणि हेड ४ ओहमला ३०० ते ५०० वॅटचं. ८ ओहमच्या एका कॅबवर ते साधारण निम्मी ताकद देईल, स्टेजला तेवढी पुरते. पुढं कामं वाढली की तसलाच दुसरा ८ चा कॅब आण, दोन मिळून ४ ओहम होतात आणि हेड पूर्ण उघडतं. दोन्ही कॅब एकावर एक ठेव, शेजारी शेजारी नको. एकावर एक ठेवले की वरचा कानाजवळ येतो आणि आवाज डावीउजवीकडं सारखा पसरतो. चार ओहमच्या खाली मात्र जाऊ नको, हेडवर लिहिलेलं असतं. हेड ते कॅब स्पीकरची वायर वापर, गिटारची केबल दिसायला तसलीच असते पण आत बारीक तार, ती तापते.

कमी वॅटचा अ‍ॅम्प फाटून स्पीकर जाळतो असं पण तुला कोण ना कोण सांगेल. वुफर जळतो तो झेपेल त्याच्यापेक्षा जास्त ताकद गेल्यावर आणि जास्त हलल्यावर, फाटलेल्या आवाजात ट्वीटर आधी जातो. फाटलेलं ऐकू आलं की आवाज कमी करायचा, एवढंच. क्लिपचा (आवाज फाटतोय असं दाखवणारा) लाल दिवा जोरात मारलेल्या सुराला एखादा लुकलुकला तर चालतंय, सतत पेटलेला नको.

साऊंडवाल्याशी जमवून घे. साऊंडचेकला लवकर जा, कारण रात्री १० ला स्पीकर बंद हा नियम २००० सालापासनं आहे, सणासुदीला सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण उशीर झालेल्या कार्यक्रमात सगळ्यात आधी कापला जातो तो साऊंडचेकच. तिथं सोलो वाजवत बसू नको, स्लॅप (अंगठ्यानं तार आपटून वाजवणं) तर नकोच. एक खालचा सूर, एक मधला, मग कार्यक्रमातल्या गाण्याची लाईन ज्या जोरात वाजवणार त्याच जोरात. आणि त्याला ‘बास वाढवा’ म्हणू नको, तो सब वाढवणार. ‘बासचा मिड वाढवा आणि ६० च्या आसपास किकला जागा द्या’ असं म्हण. एकदा बघेल तुझ्याकडं, पण करेल. मग बँड वाजत असताना एका मित्राला शेवटच्या खुर्चीवर पाठव आणि विचार, लाईन गुणगुणून दाखव म्हणून. गुणगुणता आली तर झालं.

खर्चाचा क्रम मी असा लावेन: नवीन तारा आणि बासचा सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवून घेणं), दोन चांगल्या केबल, डीआय, मग कॅब, सगळ्यात शेवटी हेड. बास अ‍ॅक्टिव्ह असेल तर ९ व्होल्टची एक बॅटरी कायम बॅगेत, आणि वाजवून झालं की जॅक काढायचा, जॅक आत असेपर्यंत बॅटरी उतरत राहते. हेड हातात येईपर्यंत डीआयवरनं मिक्सरला जा आणि एक मॉनिटर फक्त स्वतःकडं वळवून माग, कितीतरी कार्यक्रम असेच निघतात. वापरलेला कॅब पुण्या-मुंबईकडनं घेणार असशील तर स्वतःचा बास घेऊन जा, ई तारेवर हळूहळू पडदा पडदा वर चढत वाजव, आधी हळू आणि मग स्टेजच्या आवाजात. एखाद्या ठराविक सुराला खरखर आली तर एकतर जाळी सैल आहे नाहीतर कॉईल घासतीय. जाळी हातानं दाबून परत तोच सूर वाजव, खरखर थांबली तर घे, नाही थांबली तर परत ये.